फोन बदलताना नंबर सर्वांत शेवटी हलवावा

नवा फोन घरी आला की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत जुन्या फोनमधले सिमकार्ड काढून नव्यात घालतात, आणि अडचणींची सुरुवात तिथूनच होते. सिम हलले म्हणजे फोन हलला, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात सिमकार्डावर आपला नंबर असतो आणि फार तर काही नावे असतात. फोटो, संदेश, व्हॉट्सॲपवरील संभाषणे, बँकेची ॲप, लोकलचा पास हे सारे एकतर फोनच्या पोटात असते किंवा कुठल्यातरी खात्यात असते, आणि त्या प्रत्येकाला नव्या घरी नेण्याची वाट वेगळी आहे.

दादरच्या आमच्या इमारतीतील निम्म्या बिऱ्हाडांचे फोन गेल्या काही वर्षांत माझ्या जेवणाच्या टेबलावर बदलले गेले आहेत. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या काकूंचा बटणांचा फोन होता, तसा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा आयफोनही होता. यंत्रे निराळी असली तरी चूक जवळजवळ नेहमी एकच आढळली, ती क्रमाची. म्हणून पुढील मजकूर क्रमानेच लिहिला आहे आणि पहिल्यांदा फोन बदलणाऱ्याने तो त्याच क्रमाने करत जावा.

दिवस, पासवर्ड आणि एक्स्चेंजचा मोह

सुरुवात दिवस निवडण्यापासून करावी. घरभाडे, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा मुलांची फी ज्या दिवशी भरायची असेल तो दिवस टाळावा, कारण नव्या फोनवर पैशांचे व्यवहार पहिल्या दिवशी पूर्ण मोकळेपणाने करता येत नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच. शनिवारची दुपार मला सर्वांत सोयीची वाटते. काही अडलेच तर रविवार हाताशी असतो आणि सोमवारी सकाळी गाडी पकडताना दोन्ही फोन खिशात घेऊन धावावे लागत नाही.

त्यानंतर जुना फोन हातात घ्यावा आणि त्यातील गूगल खात्याचा, आयफोन असल्यास ॲपल खात्याचा, पासवर्ड आपल्याला खरोखर आठवतो का ते पाहावे. बहुतेकांना तो आठवत नाही, कारण फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने खाते उघडून दिले आणि पुढची चार वर्षे पासवर्ड विचारण्याची वेळच आली नाही. विसरला असल्यास तो बदलण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे हा जुना फोनच होय, कारण तिथे खाते अजून उघडे आहे. नव्या फोनवर अनोळखी म्हणून उभे राहिल्यावर तेच काम तिप्पट कठीण होते. नवा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी. कागदावर लिहू नये असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु मुंबईच्या घरात कपाटातली वही चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे, असे माझे मत आहे.

आता एक्स्चेंजविषयी. ऑनलाइन खरेदीत जुना फोन देऊन नव्याची किंमत कमी करून घेण्याची योजना आकर्षक दिसते, मात्र तिच्यात एक मेख असते: नवा फोन घेऊन आलेला माणूस दारातच जुना फोन मागतो, आणि तोही पूर्ण पुसलेला. म्हणजे दोन फोन एकमेकांशेजारी ठेवून माहिती हलवण्याचा जो एकमेव निवांत वेळ असतो, तोच विकला जातो. मी स्वतः एकदा या फेऱ्यात सापडलो. दारात उभ्या असलेल्या मुलाला पुढच्या घरी जायची घाई होती, म्हणून मी जुना फोन पुसून त्याच्या हाती दिला आणि रात्री लक्षात आले की कार्यालयाच्या ई-मेलसाठी दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड देणारे ॲप त्याच फोनमध्ये होते. ते खाते परत मिळवायला मला पाच दिवस लागले. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, जुना फोन पंधरा दिवसांनी सावकाश विकावा.

नावे आणि नंबर कुठे साठवले आहेत?

आपल्या फोनमधली नावे तीन ठिकाणी असू शकतात: सिमकार्डावर, फोनच्या स्वतःच्या स्मृतीत किंवा गूगल अथवा ॲपलच्या खात्यात. तिन्ही एकाच यादीत मिसळून दिसत असल्यामुळे फरक कळत नाही, आणि फोन बदलल्यावर एखाद्याची सगळी नावे आपोआप येतात तर शेजाऱ्याची निम्मी गायब होतात, याचे कारण हेच आहे. कॉन्टॅक्ट्सच्या ॲपमध्ये जाऊन एखादे नाव संपादनासाठी उघडले की ते कुठे साठवले आहे हे वरच्या बाजूस लिहिलेले दिसते. जी नावे फोन किंवा सिम या जागी असतील ती त्याच ॲपच्या सेटिंग्जमधून गूगल खात्यात हलवावीत आणि खात्याचे सिंक, म्हणजे फोन आणि खाते यांतील माहिती आपोआप जुळवून घेण्याची सोय, चालू आहे याची खात्री करून घ्यावी. संगणक उपलब्ध असेल तर त्यावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून तिथे नावांचा आकडा पाहावा. फोनवरचा आणि तिथला आकडा जुळला की हे काम संपले.

बटणांच्या फोनवरून येणाऱ्यांची वाट जरा लांबची आहे. तिथे गूगल खाते नसते, म्हणून नावे आधी सिमवर उतरवून मग नव्या फोनवर सिममधून आयात करावी लागतात. ही सोय उपयोगी आहे, पण सिमकार्डाची कुवत तोकडी असते हे ध्यानात ठेवावे. साधारणतः अडीचशेच्या आसपास नावे त्यावर मावतात, एका नावापुढे सहसा एकच नंबर राहतो आणि लांब नावे मध्येच तुटतात. देवनागरीत लिहिलेली नावे तर रोमनपेक्षा लवकर तुटतात, कारण त्यांतील प्रत्येक अक्षरचिन्हाला जास्त जागा लागते. माझ्या सासऱ्यांच्या फोनमध्ये ‘दूधवाला’, ‘दूधवाला नवा’ आणि ‘दूधवाला पार्ला’ अशी तीन नावे होती. सिमने शेपट्या कापल्यावर तिन्ही नुसते दूधवाले उरले आणि सासऱ्यांना पुढचे दोन दिवस एकेकाला फोन करून ओळख पटवावी लागली. त्यामुळे अशा फोनमध्ये ब्लूटूथ असेल तर नावे त्या मार्गाने पाठवून पाहावीत. ती सहसा व्हीसीएफ नावाच्या फाइलच्या रूपात जातात आणि नव्या फोनवर ती फाइल उघडली की पूर्ण नावांसह यादीत बसतात.

आणखी एक सूचना येथेच करून ठेवतो. सिमकार्ड बदलून घ्यायचे असेल, म्हणजे कंपनीकडून नवे कार्ड आणायचे असेल, तर जुन्या कार्डावरची नावे नव्या कार्डावर येत नाहीत. नवे कार्ड कोरे असते. कंपनी फक्त नंबर हलवते.

फोटो आणि इतर सामान

दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना जुन्या फोनवरून ॲप आणि डेटा आणायचा आहे का, असा प्रश्न तो विचारतो. अनेक जण घाईत त्याला नकार देऊन पुढे जातात आणि नंतर हळहळतात. होकार द्यावा, दोन्ही फोन एका केबलने जोडावेत किंवा एकाच वायफायवर ठेवावेत, आणि सांगितले जाईल तसे करत जावे. नावे, संदेश, कॉलची नोंद, फोटो आणि ॲपची यादी या मार्गाने येते. सॅमसंगच्या फोनांसाठी स्मार्ट स्विच हे ॲप आहे. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांसाठी ॲपलचे मूव्ह टू आयओएस हे ॲप जुन्या फोनवर उतरवावे लागते आणि ते नव्या आयफोनच्या प्राथमिक मांडणीच्या वेळीच वापरायचे असते. आयफोनवरून आयफोनवर जायचे तर दोन्ही फोन शेजारी ठेवले की काम जवळजवळ आपोआप होते, त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही.

केबल घरी नसेल तर ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल किंवा पेनड्राइव्ह जोडण्याचा ओटीजी अडॅप्टर सहज मिळतो. केबल घेताना ती डेटाची आहे का, हे विचारून घ्यावे. काही स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्या जोडून तासभर बसले तरी एक फोटो हलत नाही.

फोटोंच्या बाबतीत गूगल फोटोजवर पूर्ण भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. जून २०२१ पासून तिथले नवे फोटो मोफत मिळणाऱ्या १५ जीबी जागेत मोजले जातात, आणि ही जागा ई-मेल व ड्राइव्ह यांच्यासह सामाईक असते. ती भरली की नवे फोटो वर जाणे थांबते आणि त्याची सूचना आपण पाहिलेलीच नसते. म्हणून शेवटचा काढलेला फोटो वर गेला आहे का, हे पाहावे. दुसरे असे की सहसा कॅमेऱ्याचेच फोटो वर जातात. व्हॉट्सॲपवर आलेले, स्क्रीनशॉटचे आणि डाउनलोडचे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी फोन केबलने जोडून कॅमेऱ्याचे डीसीआयएम हे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. ही जुनी रीत मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते, कारण काय आले आणि काय राहिले हे डोळ्यांना दिसते.

मेमरी कार्ड वापरणाऱ्यांनी थोडे थांबावे. कार्ड नुसते साठवणीसाठी असेल तर ते काढून नव्या फोनमध्ये घालता येते, नव्या फोनला तशी जागा असल्यास. परंतु काही फोनांत कार्ड फोनच्याच स्मृतीचा भाग म्हणून बसवलेले असते आणि तसे असल्यास ते त्या एकाच फोनला वाचता येते. दुसऱ्या फोनमध्ये घातले की तो कार्ड पुसू का, असे विचारतो. तिथे हो म्हणू नये.

विसरली जाणारी लहान सामानाची पोतडी वेगळीच असते: व्हॉइस रेकॉर्डरवर टिपलेले आजीचे बोलणे, कॉलची रेकॉर्डिंग, फोन कंपनीच्या स्वतःच्या नोट्स ॲपमधली वाणसामानाची किंवा भिशीची यादी. ही आपोआप हलतीलच असे नाही, म्हणून त्यांच्या फाइली हाताने पाठवाव्यात. मराठी टंकलेखनाचा कीबोर्डही नव्या फोनवर पुन्हा निवडून घ्यावा लागतो, आणि आपण वर्षानुवर्षे शिकवलेली आडनावे त्याला पुन्हा शिकवावी लागण्याची तयारी ठेवावी.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपची संभाषणे कंपनीकडे साठवलेली नसतात, ती फोनवर असतात. नवा फोन म्हणजे कोरी पाटी. म्हणून सिम हलवण्यापूर्वी जुन्या फोनवर सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप येथे जाऊन ताजा बॅकअप घ्यावा आणि तो कोणत्या गूगल खात्यात जात आहे ते नीट पाहून ठेवावे. नव्या फोनवर तेच खाते आणि तोच नंबर असेल तरच तो बॅकअप सापडतो. बॅकअपला स्वतंत्र पासवर्डचे कुलूप लावलेले असेल तर तो पासवर्डही हाताशी हवा, कारण त्याविना तो उघडत नाही. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन पूर्वी ठेवला असल्यास तोही येथे विचारला जातो.

नव्या फोनवर नंबरची पडताळणी झाली की जुनी संभाषणे परत आणायची का, असा प्रश्न येतो. तो एकदाच येतो. तिथे ‘नको’ दाबून पुढे गेल्यास ॲप काढून पुन्हा बसवावे लागते, आणि तोवर रिकाम्या फोनचा नवा बॅकअप जुन्यावर बसला तर परत फिरण्याची वाट उरत नाही. आमच्या इमारतीत याच एका बटणावर एका कुटुंबाची सहा वर्षांची संभाषणे गेली.

दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील तर क्लाउडशिवाय, म्हणजे इंटरनेटवरच्या खात्यात बॅकअप न ठेवताही, काम होते. जुन्या फोनवर चॅट्सच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स हस्तांतरित करण्याचा पर्याय आहे. नव्या फोनवर दिसणारा क्यूआर कोड जुन्याने टिपला की सारा मजकूर थेट जातो. ज्यांची गूगलची १५ जीबी जागा गुड मॉर्निंगच्या चित्रांनीच भरलेली असते, त्यांच्यासाठी हाच मार्ग शहाणपणाचा. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मात्र गूगलमधला बॅकअप चालत नाही. तिथे वर सांगितलेल्या मूव्ह टू आयओएसमध्येच व्हॉट्सॲप निवडावे लागते, आणि ते नव्या आयफोनच्या मांडणीच्या वेळीच.

आता नंबर

माहिती नव्या फोनवर आली, निदान तिचा बॅकअप झाला, की मग सिमला हात लावावा. जुने कार्ड नव्या फोनच्या खाचेत बसत असेल तर ते काढून घालणे एवढेच काम आहे. दोन्ही फोन आधी बंद करावेत आणि ट्रे उघडण्याची पिन हरवली असल्यास कागदाची टाचणी न वापरता कागदांना लावायची तारेची क्लिप सरळ करून वापरावी.

कार्ड मोठ्या आकाराचे असल्यास कात्रीने कापून देणारे दुकानदार अजून आहेत. ते टाळावे. आजच्या फोनांना लागणारे नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे असते आणि ते जुन्या कार्डांपेक्षा किंचित पातळही असते. कापलेले कार्ड आकाराने बसले तरी जाडीने अडकून ट्रे मोडू शकते. शिवाय जुने कार्ड ४जीच्या आधीच्या काळातले असेल तर नव्या फोनवर ४जीचा वेगच मिळत नाही. अशा वेळी आपल्या कंपनीच्या अधिकृत गॅलरीत आधार कार्ड घेऊन स्वतः जावे आणि त्याच नंबरचे नवे सिम मागून घ्यावे. नंबर ज्याच्या नावावर आहे त्यानेच जावे लागते, आणि मुंबईत अनेक घरांत आईचा नंबर वडिलांच्या नावावर किंवा गावी गेलेल्या काकांच्या नावावर निघतो, हे आधीच तपासलेले बरे.

नवे कार्ड सुरू झाले की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाही आणि जातही नाही. कॉल आणि इंटरनेट चालू असते. ही काही बिघाडाची खूण नव्हे. कोणी आपल्या नावाने परस्पर सिम काढून बँकेचे ओटीपी मिळवू नये म्हणून दूरसंचार विभागाने कंपन्यांना तसा आदेश दिलेला आहे. कार्डाऐवजी ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले, कार्ड नसलेले सिम, घेतले तरी हा नियम लागू पडतो. हा एक दिवस लक्षात घेऊनच मी वर शनिवारची शिफारस केली. ज्या दिवशी हातात जुने आणि नवे काहीच धड चालत नाही असे वाटेल, तो दिवस रविवार असावा.

ई-सिमच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविषयी एक वाक्य आवश्यक आहे. तुमचे सिम बंद होणार आहे, आलेला कोड सांगा किंवा सिमच्या पाठीवरचे वीस आकडे वाचून दाखवा, असे सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा, आणि आपला चालू नंबर कारणाशिवाय अचानक मृत झाला तर दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला, मग बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

फोनबरोबर कंपनीही बदलायची असेल, म्हणजे नंबर पोर्ट करायचा असेल, तर आधी कार्ड बदलून मग पोर्ट करण्याचा बेत करू नये. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. सरळ पोर्टच करावे, कार्ड आपोआप नवे मिळते. त्यासाठी इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर १९०० वर एसएमएसने पाठवावा. आठ अक्षरांकांचा एक कोड येतो, तो चार दिवस चालतो, आणि त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्रासह जावे लागते. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड असल्यास बिलाची थकबाकी नसावी. पोर्ट होईपर्यंत जुने कार्ड चालू राहते, म्हणून नवे कार्ड हाती आले म्हणून जुने फेकू नये.

येथे मुंबईची एक खासियत सांगितली पाहिजे. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याणचा पट्टा एका सर्कलमध्ये येतो, तर पुणे, नाशिक, कोल्हापूर हे महाराष्ट्र आणि गोव्याच्या सर्कलमध्ये येतात. त्यामुळे साताऱ्याहून नोकरीसाठी परळला आलेल्या मुलाने येथे येऊन नंबर पोर्ट केला, तर तो कागदोपत्री एका सर्कलमधून दुसऱ्यात जातो. सर्कलच्या आत तीन कामकाजाचे दिवस लागतात तर सर्कल बदलताना पाच. नंबर मात्र तोच राहतो. जुलै २०१५ पासून देशभर कुठेही तो सोबत नेता येतो. पोर्ट करण्यापूर्वी नव्या कंपनीचे नेटवर्क आपल्या स्वयंपाकघरात येते का, हे कोणा पाहुण्याच्या फोनवर पाहून घ्यावे. दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत जाहिरातीतल्या सगळ्या दांड्या दाराबाहेरच राहतात.

बँक, यूपीआय आणि कोड देणारी ॲप

यूपीआयचे ॲप नव्या फोनवर उतरवले की ते आपल्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवून नंबर आणि फोन यांची गाठ मारते. म्हणून बँकेत नोंदवलेला नंबर ज्या सिमवर आहे ते सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, एसएमएस जाण्याइतका रिचार्ज शिल्लक असावा लागतो, आणि नवे कार्ड घेतले असेल तर वर सांगितलेले २४ तास उलटलेले असावे लागतात. गाठ बसल्यावरही नव्या फोनवर पहिला दिवस रकमेवर बंधन असते. अनेक बँका ते पाच हजार रुपयांवर ठेवतात. यूपीआय पिन मात्र जुनाच चालतो, तो पुन्हा बनवण्याची गरज नसते.

यूपीआय लाइट, म्हणजे लहान रकमा पिनशिवाय देण्याची सोय, वापरणाऱ्यांनी जुन्या फोनवरच एक काम उरकावे. लाइटमधली शिल्लक त्या फोनला बांधलेली असते, ती आपोआप नव्या फोनवर येत नाही. लाइट बंद करून पैसे खात्यात परत घ्यावेत आणि मगच फोन पुसावा. वडापावच्या गाडीवर वापरायची ती चिल्लर असते हे खरे, पण ती आपली असते.

सहा आकडी कोड देणाऱ्या ॲपविषयी माझी कहाणी वर आलीच आहे. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती निर्यात करण्याची सोय आहे: जुन्या फोनवर क्यूआर कोड उमटतो, नव्याने तो टिपायचा. दोन मिनिटांचे काम आहे, मात्र त्यासाठी दोन्ही फोन जिवंत असावे लागतात. सरकारी कागदपत्रे ठेवण्याच्या डिजिलॉकर ॲपची काळजी नसावी. तिथली कागदपत्रे खात्यात असतात, नव्या फोनवर प्रवेश केला की दिसतात.

लोकलचा पास

मोबाइलवर काढलेले लोकलचे तिकीट किंवा पास ज्या फोनवर ॲपमध्ये उघडतो तिथेच दाखवावा लागतो. त्याचा स्क्रीनशॉट तिकीट तपासनीसाला चालत नाही. तेव्हा पासाची मुदत चालू असेल तर जुना फोन पुसण्यापूर्वी नव्या फोनवर त्याच नंबराने प्रवेश करावा आणि पास उघडतो का, ते घरी बसून पाहावे. बेस्टच्या बससाठी चलो ॲपवर काढलेल्या पासाचेही तसेच करावे. माझ्या मते सर्वांत सोपा उपाय म्हणजे पास संपण्याच्या सुमारास फोन बदलणे. तेवढे जमत नसेल तर पास नव्या फोनवर उघडेपर्यंत जुना फोन चार्ज करून सोबत न्यावा.

जुना फोन

पंधरा दिवस तो टेबलाच्या खणात बंद करून ठेवावा. या काळात काय राहिले ते हमखास आठवते: एखाद्या विमा कंपनीचे ॲप, शाळेच्या ग्रुपवर आलेले वेळापत्रक, कोणाचा तरी पत्ता. पंधरा दिवसांत खण उघडावा लागला नाही तर मग तो पुसायला घ्यावा.

पुसण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खाते फोनवरून काढून टाकावे, आयफोन असल्यास फाइंड माय ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडावे. हे न करता बाहेरच्या बटणांनी फोन पुसला तर नव्या मालकाकडे तो आपलाच पासवर्ड मागत बसतो, आणि मग रात्री साडेदहाला त्याचा फोन येतो. त्यानंतर सिम आणि मेमरी कार्ड काढले आहे ना, ते ट्रे ओढून स्वतः पाहावे आणि फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन कोरा होतो. दुकानात फोन उघडा ठेवून, तुम्हीच सगळे हलवून द्या, असे सांगून चहाला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्या फोनमध्ये बँक आणि घरचे फोटो आहेत तो उघड्या अवस्थेत दुसऱ्याच्या काउंटरवर राहू नये.

उलट बाजूने, आपण जो फोन घेतला तो वापरलेला असेल तर पैसे देण्यापूर्वी त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबून पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहावा आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएसने पाठवावा. चोरीचा म्हणून रोखलेला फोन असेल तर तसे उत्तर येते. स्वतःच्या फोनचा हा क्रमांकही वहीत पासवर्डच्या खाली लिहून ठेवावा, कारण गर्दीच्या गाडीत फोन गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवून दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तो रोखण्यासाठी हाच क्रमांक लागतो, आणि तो पाहायला तेव्हा फोन हातात नसतो.

विकायच्या लायकीचा न राहिलेला, पाठ फुगलेला फोन कचऱ्याच्या डब्यात टाकू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. फुगलेली बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. असा फोन ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा, आणि देईपर्यंत तो कपड्यांच्या कपाटात न ठेवता लाकूड-कागदापासून दूर, एखाद्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात झाकण सैल ठेवून ठेवावा.